नाव ठेवण्यापूर्वी

सदाशिव पेठेतल्या माणसांना नावे ठेवण्याची फार हौस, अशी इतर पेठांची जुनी तक्रार आहे. मी या पेठेत सून म्हणून आले त्याला पन्नासाहून अधिक वर्षे झाली. तेव्हा ही तक्रार अगदीच खोटी आहे असे काही मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन, की नावे ठेवणे सोपे आणि नाव ठेवणे अवघड. बारशाच्या दिवशी आत्याबाईसुद्धा बाळाच्या कानाशी वाकण्यापूर्वी चौघींशी सल्लामसलत करते. माझा तर सारा जन्म नावे ठेवण्यातच गेला. मात्र मुलांची नव्हे, रोगांची. मी जंतुशास्त्राची डॉक्टर. रोग्याला डॉक्टर तपासतात, औषध डॉक्टर देतात आणि यशही त्यांनाच मिळते. आमचे काम मधले. एका काचेवर थेंबभर काहीतरी येते आणि आम्ही सांगायचे, की हा अमुक.

नाव कळले म्हणजे रोग अर्धा बरा झाला असे रोग्याला वाटते. "काय झालंय मला?" हा प्रश्न "मी बरा होईन ना?" याच्याही आधी येतो. आपल्या भाषेने रोगांची नावे ठेवताना मोठी कल्पकता दाखवली आहे. पण काटकसरही केली आहे. एकच नाव दोन-दोन रोगांना वापरून घेतले आहे. घटसर्प मुलांना होतो तो वेगळा आणि म्हशीला होतो तो वेगळा. काळपुळीचेही तसेच.

एक काळपुळी आमच्या पेठेच्या चांगल्या ओळखीची आहे. साखरेचा विकार असलेल्या एखाद्या आजोबांच्या मानेवर ती उठते, चार-पाच तोंडांनी फुटते, आणि इतकी ठणकते, की आजोबा स्वतः झोपत नाहीत आणि घरातल्या कोणाला झोपू देत नाहीत. दुसरी काळपुळी पेठेत सहसा दिसत नाही. ती शेतावर, मेंढवाड्यात, कातड्याच्या गोदामात भेटते. हाताला, मानेला किंवा गालावर आधी डास चावल्यासारखी एक खाजरी पुळी येते. दोन-तीन दिवसांत तिच्याभोवती पाण्याच्या फोडांचे कडे उभे राहते, आणि मधोमध कोळशाच्या तुकड्यासारखी काळी खपली धरते. आजूबाजूचा भाग सुजून येतो. आणि एवढे सगळे होऊन ती दुखत नाही. हीच तिची खूण आणि हाच तिचा धोका. दुखत नाही म्हटल्यावर आपल्याकडे कोण डॉक्टरकडे जातो? उपचार झाले नाहीत तर अशा दहा रोग्यांपैकी एक-दोन दगावतात. वेळेवर झाले तर जवळजवळ सगळे वाचतात.

तिचा तो काळा रंग ग्रीकांच्याही डोळ्यांत भरला होता. अँथ्रॅक्स या शब्दाचा मूळ अर्थच कोळसा. फ्रेंच लोक या रोगाला शार्बों म्हणतात. त्याचाही अर्थ तोच. आपला शेतकरी मात्र जनावराला हा रोग झाला, की त्याला फाशी म्हणतो. सकाळी रवंथ करीत असलेली गाय दुपारी आडवी पडलेली दिसते, नाकातोंडातून काळसर रक्त येते आणि ते गोठत नाही. ज्याने हे एकदा पाहिले त्याला हे नाव कुणी समजावून सांगावे लागत नाही.

माझी प्रयोगशाळा आमच्या वाड्याच्या ओसरीवर होती. पुढच्या बाजूला पडदा, मागे शिसवी टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि कोनाड्यात पूर्वी जिथे गणपती होता तिथे रंगांच्या बाटल्या. गणपती सासूबाईंनी माजघरात हलवला. "त्याला असले वास नकोत," एवढेच त्या म्हणाल्या. दिवाळी झाली, की आमची सुगी सुरू होई. फराळाचे डबे तळाला गेले, की पेठेतली निम्मी मंडळी साखर तपासून घ्यायला येत, आणि आकडा मनाजोगता आला नाही तर दोष माझ्या यंत्राला देत.

या ओसरीवर मी दोन्ही काळपुळ्या पाहिल्या आहेत. त्या वेगळ्या ओळखायच्या कशा हे सांगायला पानभर आकृत्या नकोत; एक द्राक्षांचा घड आणि एक वेळूची काठी डोळ्यांसमोर आणली, की पुरे. फोडातला थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा आणि रंगवायचा. ग्रॅम नावाच्या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये जी रंगवण्याची रीत सांगितली ती आजही जगभर चालते. आजोबांच्या काळपुळीत जांभळ्या गोल दाण्यांचे घोस दिसतात, नाशिकच्या द्राक्षांसारखे. दुसरीत मोठ्या, चौकोनी टोकांच्या जांभळ्या काड्या एकीला एक लागून उभ्या असतात, पेरापेरांच्या वेळूसारख्या.

परंतु वेळूसारखे दिसणारे निरुपद्रवी जंतू मातीत, धुळीत, शिळ्या भातातही पुष्कळ असतात. म्हणून दुसरी एक रंगाची परीक्षा आहे. मॅकफॅडियन नावाच्या ब्रिटिश पशुवैद्याने ती १९०३ मध्ये सांगितली. तिला लागणारा निळा रंग ताजा चालत नाही. बाटलीत हवा खेळती ठेवून तो महिनोन्महिने मुरवावा लागतो. तो मुरला, की त्याच्या पोटात आणखी दोन-तीन छटा तयार होतात. सासूबाईंना मी हे सांगितले तेव्हा माझ्या शास्त्राबद्दल पहिल्यांदाच त्यांचे मत बरे झाले. "म्हणजे लोणच्यासारखं," त्या म्हणाल्या. अगदी तसेच. असा मुरलेला रंग फाशीच्या जनावराच्या रक्तावर किंवा फोडातल्या पाण्यावर टाकला, की जंतू निळा होतो आणि त्याच्या अंगाभोवतीचे कवच गुलाबी. निळ्या वेळूभोवती गुलाबी शेला. मातीतल्या भाऊबंदांपाशी असा शेला नसतो.

या जंतूची कुळकथा सांगायची तर जर्मनीतल्या त्या वेळच्या वोल्श्टाइन नावाच्या गावी जावे लागते. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. तिथे रॉबर्ट कोख हा सरकारी डॉक्टर रोगी तपासून उरलेल्या वेळात घरीच सूक्ष्मदर्शक लावून बसे. त्याने बैलाच्या डोळ्यातल्या पाण्याच्या थेंबात हा जंतू वाढवला, तो लांबलेला पाहिला, त्याच्या पोटात चकाकते बीज धरलेले पाहिले, आणि त्या बिजापासून पुन्हा जंतू होतो हेही पाहिले. १८७६ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले. अमुक एका रोगाचे कारण अमुक एक जंतू, हे इतक्या स्वच्छपणे दाखवून देण्याची ती पहिलीच वेळ. पाच वर्षांनी, १८८१ मध्ये, फ्रान्समध्ये पाश्चरने भर माळावर लोकांदेखत मेंढ्यांना याच रोगाची लस टोचली, पुढे त्यांच्या अंगात जिवंत जंतू सोडले, आणि टोचलेल्या मेंढ्या चरत राहिल्या. न टोचलेल्या मेल्या.

या कथेचा एक धागा पुण्यातून जातो हे किती पुणेकरांना माहीत असेल, कोण जाणे. जनावरांच्या साथींचा अभ्यास करण्यासाठी सरकारने देशातली पहिली जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा १८८९ मध्ये काढली, ती पुण्यात, सायन्स कॉलेजात. म्हणजे आजच्या अभियांत्रिकी विद्यापीठाच्या आवारात. आमच्या वाड्यापासून ती अर्ध्यापाऊण तासाची चाल. डॉक्टर लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. परंतु असल्या भयंकर जंतूंचे काम भरवस्तीत नको, हवाही थंड हवी, म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. त्याच मुक्तेश्वरला १८९७ मध्ये स्वतः कोख जाऊन आले. आज ती संस्था भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. पुण्याने तिला चार वर्षे सांभाळले, एवढाच आपला वाटा; परंतु आमच्या शहराला असल्या चार वर्षांचाही अभिमान पुरतो.

आता त्या दुसऱ्या काळपुळीची गोष्ट. १९८३ सालचा पावसाळा संपत आला होता. पेठेतल्याच एका डॉक्टरांनी एक रोगी माझ्याकडे धाडला. चाळिशीचा, शेळ्या राखणारा शेतकरी. गाव पुण्यापासून एका दिवसाच्या वाटेवर. ते गाव मी तेव्हा चिठ्ठीवर लिहिले. इथे लिहीत नाही. कारण पुढे येईल. त्याच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, रुपयाएवढी काळी खपली होती. हात खांद्यापर्यंत सुजला होता. मी कडेचा फोड हलकेच टोचून पाणी घेतले. असली पुळी दाबायची नसते, कापायचीही नसते. तो शांत बसून होता. "दुखतं का?" "नाही, बाई. जड वाटतंय नुसतं."

"घरी एखादं जनावर मेलं का एवढ्यात?" मी विचारले.

"नाही."

"शेळी? मेंढी? कातडं सोललं का कुठं?"

"नाही जी."

काच रंगवून खाली ठेवली. जांभळे वेळू. मुरलेल्या निळ्याची बाटली काढली. निळे वेळू, गुलाबी शेला. पुस्तकातल्या चित्रापेक्षा स्पष्ट. मी डॉक्टरांना निरोप धाडला, की पुढच्या परीक्षांसाठी नमुना मोठ्या रुग्णालयाकडे पाठवते, पण पेनिसिलीन आजच सुरू करा. निकालाची वाट पाहू नका. या रोगात हे अवश्य लक्षात ठेवायचे. नमुना औषधाच्या आधी घ्यायचा, कारण एक-दोन सुया पडल्या, की फोडातले जंतू नाहीसे होतात आणि मग ते वाढवून पाहता येत नाहीत. आणि औषध निकालाच्या आधी द्यायचे, कारण तो जंतू निकालासाठी थांबत नाही.

तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. त्याची बायको मात्र पडद्याशी रेंगाळली. डोक्यावरचा पदर घट्ट धरून तिने एकदा बाहेर पाहिले.

"बाई, शेळी मेली व्हती."

मी काहीच बोलले नाही.

"सकाळच्या पारी चांगली व्हती. दुपारी थरथराया लागली. जीव जायच्या आत ह्यांनी कापली. वाटं घातलं. सात घरी गेलं."

"मग मघाशी त्यांनी का नाही सांगितलं?"

"आमाला गावात ऱ्हायाचं हाय, बाई. वाटं ह्यांनीच दिलं. त्यातल्या एका घरची म्हातारी परवा गेली. पोट फुगलं, रगत पडलं, गेली. आता ह्यांनी तोंड उघडलं तर लोक काय म्हनतील?"

मी चाळीस वर्षांत पुष्कळ काचा पाहिल्या. पण त्या रोगाचे खरे निदान त्या बाईने केले, असे मला नेहमी वाटते. माझ्या काचेने एका हाताचे नाव सांगितले होते. तिने सात घरे सांगितली. मी तिला म्हटले, "मावशी, तुमच्या मालकांचं नाव मी कुणाला सांगणार नाही. पण ती सात घरं सांगा." तिने बोटांवर मोजून सांगितली. तिला लिहिता येत नव्हते. मी लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी सरकारी डॉक्टर आणि पशुवैद्य त्या गावी गेले. सात घरांतल्या दोघांच्या हातांवर पुळ्या निघाल्या, दोघेही मटण साफ करणारे. एका मुलाचे पोट दुखत होते, ताप होता. मांस खाल्ल्याने हा रोग आतड्यात शिरला, तर तो कातडीवरल्यापेक्षा फार वाईट. मुलाला त्याच गाडीतून रुग्णालयात आणले. तिघेही बरे झाले. दरम्यान गावात आणखी एक शेळी मेली होती. पशुवैद्यांनी तिचा कान टोचून रक्ताचा एक थेंब काचेवर घेतला आणि शेळीला चाकू लावू दिला नाही. फाशीने मेलेले जनावर फाडायचे नाही हा या रोगातला पहिला धडा. कारण रक्ताला हवा लागली, की जंतू बीज धरतो, आणि ते बीज मातीत वर्षानुवर्षे निजून राहते. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड नावाच्या बेटावर १९४२ मध्ये युद्धाच्या तयारीत हे बीज उधळले गेले. ते बेट निर्धोक म्हणून जाहीर व्हायला १९९० साल उजाडले. तेही जमिनीला औषधांची आंघोळ घातल्यावर. म्हणून त्या शेळीला माणूसभर खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरले.

पहिल्या शेळीचे कातडे मात्र आधीच बाजारात गेले होते. ते कुणाच्या हाती लागले ते कळले नाही. कच्च्या कातड्यातून, केसांतून आणि लोकरीतून हा रोग किती दूर जातो याच्या कथा आहेत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला लोकर निवडणारे कामगार छातीतल्या याच रोगाने मरत. पहिल्या महायुद्धात दाढीच्या घोडकेसाळ ब्रशांतून तो सैनिकांच्या गालांवर उतरला. अलीकडे, २००६ ते २००८ या काळात, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये आयात केलेल्या कच्च्या कातड्याचे ढोल बनवणाऱ्यांना तो झाला. आमच्या पेठेतल्या ढोलपथकांनी हे वाचून टिपऱ्या खाली ठेवायचे कारण नाही. धोका असतो तो कच्चे कातडे खरवडणाऱ्याला. अशा कातड्याचा तुकडा उकळून त्याचे पाणी तपासण्याची आस्कोली यांची परीक्षा १९११ पासून माहीत आहे. पण परीक्षेला तुकडा हाती असावा लागतो.

मोठ्या रुग्णालयातला निकाल दोन दिवसांनी आला. रक्त मिसळलेल्या थाळीवर त्यांनी जंतू वाढवला होता. काचेची पूड सांडल्यासारखे करडे ठिपके, आणि भिंगाखाली त्यांच्या कडेला कुरळ्या बटा. युरोपातल्या शास्त्रज्ञांना त्या बटा पाहून केसांच्या जागी साप असलेली ग्रीक पुराणातली मेडुसा आठवली. मला तर रविवारी सकाळी न विंचरलेले माझ्या धाकटीचे डोके आठवते. मातीतले भाऊबंद थाळीतले रक्त विरघळवतात, हा सहसा विरघळवत नाही. ते पाण्याच्या थेंबात पोहतात, हा निश्चल पडून राहतो. आणि थोडक्या पेनिसिलीनच्या थाळीवर काही तास ठेवला, की या वेळूची पेरे फुगून गोल होतात, मोत्यांचा सर ओवल्यासारखी. मारक जंतूची शेवटची ओळख इतकी सुंदर का असावी, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही.

रोगी आठवड्याने पुन्हा आला. हाताची सूज उतरली होती, पण खपली तशीच होती, आणि त्यामुळे तो खट्टू होता. जंतू मेला तरी त्याने केलेली जखम आपल्या वेळेनेच भरते. खपली पडायला दोन-तीन आठवडे लागतात. हे त्याला समजावले. जाताना बायको काही बोलली नाही. आठवणीने आणलेली भुईमुगाच्या शेंगांची पुरचुंडी तिने कोनाड्याखाली ठेवली, एवढेच.

त्या म्हातारीचे काय, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडतो. तिला काय झाले होते? मांस तिच्याही घरी गेले होते, हे खरे. लक्षणे जुळत होती, हेही खरे. पण तिच्या रक्ताचा थेंब कोणी घेतला नाही, तिची काच कोणी रंगवली नाही. सरकारी कागदात त्या साथीत तीन रोगी आहेत आणि मृत्यू एकही नाही. मी चौथे नाव लिहू शकत नाही. अंदाज म्हणजे निदान नव्हे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना जन्मभर शिकवले आहे. पण तिचा मृत्यू बिननावाचा राहिला, ही गोष्ट त्या शिकवणीने हलकी होत नाही.

२००१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून हेच बीज कोणी धाडले. बावीस जणांना रोग झाला आणि पाच जण गेले. तेव्हा काही दिवस आपल्याकडेही पांढऱ्या पुडीची धास्ती होती. आमच्या वाड्यातल्या एका काकांनी तर लग्नपत्रिकेवरच्या अक्षता चिमट्याने उचलून मला तपासायला आणल्या होत्या. मी त्यांना सांगितले, की काका, ही काळपुळी आपल्याकडे पाकिटातून येत नाही. ती शेळीच्या वाट्यातून येते. त्यांना ते पटले की नाही, कोण जाणे. पण लग्नाला ते गेले.

आता माझी ओसरी बंद आहे. कोनाड्यात सुनेने मनीप्लांट ठेवला आहे. हे काम आता ओसरीवर करायचे नसतेच. बंद कपाटात, हवा गाळून, हातमोजे घालून करायचे असते. जंतूच्या अंगातल्या विषाची आणि कवचाची सूत्रे कोणत्या जनुकात आहेत ते ठाऊक झाले आहे, आणि यंत्र ती काही तासांत शोधून देते. हे फार चांगले झाले. तरी नमुन्याबरोबर येणाऱ्या चिठ्ठीवर 'घरात जनावर मेले होते का?' हा रकाना असतो, आणि तो यंत्राला भरता येत नाही.

शहराच्या पलीकडे औंधला राज्य सरकारची पशुवैद्यकीय लशी करणारी संस्था आहे. फाशीची लसही तिच्या कामातली. तीत असतो हाच जंतू, पण कवच गमावलेला. दक्षिण आफ्रिकेत १९३० नंतरच्या दशकात स्टर्न यांनी तो शोधला. जिथे रोग होऊन गेला आहे तिथल्या गाईगुरांना, शेळ्यामेंढ्यांना पावसाच्या आधी दरवर्षी ती टोचायची. शेळीला टोचले, की माणसाला काळपुळी होत नाही, इतका हा हिशेब सरळ आहे.

वसुबारसेला आमच्या पेठेत अजून कोणीतरी गाय-वासरू घेऊन चौकात उभा राहतो. बायका ओवाळतात, त्या दिवशी दूध-दुभते वर्ज्य करतात, आणि गाईच्या पाठीवरून हात फिरवून घरी जातात. मीही जाते. ओवाळून झाले, की त्या माणसाला मी विचारते, "टोचून आणलीय का?" सूनबाईला हे बरे वाटत नाही, सणाचा दिवस, काय ते विचारायचे! पण तो माणूस हसतो, आणि गेली दोन वर्षे मी विचारायच्या आधीच "टोचलीय, आजी" म्हणून सांगतो.